आर्नोकाठची छत्री

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसणाऱ्या मंडळींत आता दोनच जाती उरल्या आहेत. युरोपला जाऊन आलेले, आणि येत्या मे महिन्यात जाणारे. पहिली जात बोलते, दुसरी ऐकते. कट्ट्याची एक फेरी पुरी होते साधारण 1.2 किलोमीटरला. तेवढ्यात लंडन, पॅरिस आणि स्वित्झर्लंडचा बर्फ सहज उरकतो. दुसऱ्या फेरीत कुणाची बॅग कुठल्या विमानतळावर राहिली ते येते. तिसरी फेरी कुणी फारशी मारत नाही. त्यामुळे सहलीचे शेवटचे दिवस कट्ट्यावर कधी ऐकायला मिळत नाहीत.

खरे तर सहल कळते ती शेवटच्या दिवसांतच. पहिल्या आठवड्यात माणूस हौसेचा असतो. लंडनच्या पुलावर फोटो काढतो, आयफेल मनोऱ्याखाली मान दुखेपर्यंत वर पाहतो. बाराव्या दिवशी मात्र बॅगेत धुतलेले कपडे खाली आणि न धुतलेले वर असा क्रम उलटलेला असतो, घरून आणलेल्या चिवड्यात नुसते शेंगदाणे उरलेले असतात आणि गाइडने "डाव्या हाताला तेराव्या शतकातले चर्च" म्हटले की अर्धी बस उजव्या हाताला स्वच्छतागृह आहे का ते पाहते. आमच्या बसमधल्या गिरगावच्या एक काकू व्हेनिसला म्हणाल्या, "पाणी तर आमच्याकडेही तुंबतं, त्यात काय बघायचं?" काकू अरसिक आहेत असे नव्हे. पॅरिसला त्याच काकू चित्रांपुढे तासभर उभ्या होत्या. पण डोळ्यांनाही अजीर्ण होतेच की!

मी मात्र त्या शेवटच्या दिवसांची वाट पाहत होते. त्याला कारणे दोन. एक म्हणजे, आमचे चिरंजीव म्युनिकहून आम्हाला भेटायला फ्लॉरेन्सला येणार होते. बारावीनंतर तो जर्मनीत शिकायला गेला, त्याला दोन वर्षे होऊन गेली. तिकिटाचे पैसे, परीक्षा, सुटीतली नोकरी, एक ना दोन. तो घरी आलाच नव्हता. आमच्या सहलीत म्युनिक नव्हते. तेव्हा त्यानेच तोडगा काढला की मी एक दिवस इटलीत उतरतो. दुसरे कारण कोल्हापूरचे आहे, आणि ते जरा सविस्तर सांगायला हवे.

माझे माहेर कोल्हापूर. वडील राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. गोपाळ कृष्ण गोखले ज्या कॉलेजात शिकले त्यातच आपण शिकलो, हे ते दिवसातून एकदा तरी सांगत. पण कॉलेजला ज्याचे नाव आहे तो राजाराम कोण, असे लहानपणी विचारले की निम्मे लोक शिवाजीमहाराजांचे धाकटे चिरंजीव सांगत, आणि उरलेले शाहूमहाराजांचे. वडील म्हणत, "दोन्ही चूक. आपला राजाराम फ्लॉरेन्समध्ये आहे."

हे राजाराममहाराज म्हणजे ताराबाईंनी स्थापलेल्या कोल्हापूरच्या गादीवर 1866 साली दत्तक आलेले. वय सोळा. इंग्रजी शिकलेले. 1870 च्या उन्हाळ्यात ते विलायतेला निघाले. सुवेझचा कालवा उघडून तेव्हा पुरते वर्षही झाले नव्हते, आणि समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असे मानणाऱ्यांची संख्या पंचगंगेच्या घाटावर काही थोडी नसावी. तरी ते गेले. बरोबर कॅप्टन वेस्ट नावाचे इंग्रज अधिकारी आणि आपली माणसे होती. लंडन पाहिले, व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली. परतताना पॅरिस मात्र चुकले, कारण फ्रान्स आणि प्रशियाचे युद्ध पेटले होते आणि सप्टेंबरपासून पॅरिसला वेढा पडला होता. मग बेल्जियम, जर्मनी असे करीत मंडळी इटलीत उतरली. वाटेत महाराजांची प्रकृती बिघडली, आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्सच्या एका हॉटेलात ते वारले. एकविसावे वर्ष चालू होते.

फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. दहनाची चाल त्या देशात नव्हती आणि कायद्याची मुभाही नव्हती. परदेशात, थंडीच्या दिवसांत, राजा गेलेला. आणि बरोबरच्या माणसांना हवी चिता, तीही नदीच्या संगमावर! शेवटी खास परवानगी मिळाली. शहराच्या पश्चिमेला कासीने नावाचे लांबलचक उपवन आहे. त्याच्या टोकाला मुन्योने नावाची लहानशी नदी आर्नोला मिळते. तिथे रात्रीच्या वेळी दहन झाले. 1874 मध्ये इंग्रजांनी त्या जागेवर छत्री उभारली. ती रेखाटली मेजर मँट यांनी. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यांनी रेखाटला तेच हे मँट. आतला अर्धपुतळा केला फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराने.

महाराजांनी प्रवासात रोजनिशी लिहिली होती. पुढे 1872 मध्ये वेस्टसाहेबांनी ती लंडनला छापली. मी ती वाचली आहे. तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला मी प्रवासवर्णन शिकवते, तेव्हा गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'पासून सुरुवात करते. हे पुस्तकही शिकवावे असे दरवर्षी मनात येते आणि दरवर्षी राहून जाते, कारण ते इंग्रजीत आहे. मराठी राजाचे, पण मराठी वाङ्मयाच्या यादीत न बसणारे. शिवाय खरे सांगायचे तर त्यात वाङ्मयगुण बेताचेच. आज अमक्याकडे गेलो, तमके पाहिले, अमुक साहेब भेटायला आले. आमच्या सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेसारखेच. वाचताना पुन्हा पुन्हा वाटते की या मुलाला कुणी तरी म्हणायला हवे होते, "अरे, तुला काय वाटलं ते लिही की!" शेवटची हकिगत अर्थातच त्याच्या हातची नाही. ती वेस्टसाहेबांची.

वडील तीन वर्षांपूर्वी गेले. ते कोल्हापूर सोडून फारसे कुठे गेले नाहीत. पण फ्लॉरेन्सचा नकाशा त्यांना तोंडपाठ होता. "तिकडे गेलीस तर छत्रीवर एकदा जाऊन ये," एवढेच त्यांनी सांगून ठेवले होते.

तर आमच्या टूर मॅनेजरला, परळचा मोठा चलाख मुलगा होता तो, मी आदल्या रात्री जेवताना म्हटले, "उद्या दुपारी आम्हाला छत्री बघायची आहे."

तो ताटातले पनीर सावरत म्हणाला, "मॅडम, छत्री इथं नका घेऊ. रोमला स्टेशनबाहेर पाच युरोला मिळते. आणि पाऊस नाहीये उद्या."

त्याला सगळी कथा सांगितली. तो ऐकून गप्प झाला. मग म्हणाला, "बस नाही वळवता येणार. पण दुपारी चामड्याच्या बाजारासाठी अडीच तास मोकळे आहेत. साडेचारला बस सुटेल. मॅडम, साडेचार म्हणजे साडेचार."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्थानिक गाइडबाईंनी लाल घुमटाचे प्रचंड चर्च दाखवले. तो घुमट ब्रुनेलेस्कीने 1436 मध्ये पुरा केला. लाकडी कमानींचा नेहमीचा आधार न घेता एवढा घुमट कसा उभा राहिला, हे त्या बाई हातवारे करून फार सुंदर सांगत होत्या. दुसरा कुठला दिवस असता तर मी वहीत टिपून घेतले असते. त्या दिवशी माझे लक्ष चौकाच्या तोंडाकडे होते. आणि तिथून तो आला! पाठीवर पिशवी, अंगात ढगळ सदरा, दाढी वाढलेली. दोन वर्षांनी मुलगा दिसला तर आईने काय म्हणावे याचा मी विमानात पुष्कळ विचार केला होता. प्रत्यक्षात म्हणाले, "किती वाळलास!" सगळ्या आया हेच म्हणतात, म्हणून तो हसला. हेही हसले. पण तो खरेच वाळला होता.

टॅक्सी त्या गावात हात करून थांबत नाही. स्टेशनसमोरच्या तळावर जावे लागते. चिरंजीवांनी मोडक्या इटालियनमध्ये पत्ता सांगायला सुरुवात केली. चालकाने मध्येच थांबवले आणि विचारले, "इंडियानो?" आम्ही तिघांनी एकदम माना हलवल्या. दीडशे वर्षांनंतरही त्या जागेचे नाव गावात 'इंडियानो'च आहे. शेजारच्या आर्नोवर 1978 मध्ये मोठा पूल झाला, त्यालाही हेच नाव पडले. कोल्हापूरच्या राजाचे नाव त्या चालकाला ठाऊक असेल असे नाही. पण कुणी एक हिंदी माणूस इथे राहिला आहे, हे मात्र सगळ्या गावाला ठाऊक आहे.

कासीनेचे उपवन नदीच्या उजव्या काठाने लांबच लांब पसरले आहे. उंच झाडे, सायकलवाली पोरे, बाकांवर म्हातारे. आर्नोकाठच्या याच राईत 1819 मध्ये शेलीला पश्चिमवाऱ्यावरची ती कविता सुचली. मराठीच्या प्राध्यापिकेला शेली नाही आठवला तर कुणाला आठवायचा? पण त्याहून विचित्र गोष्ट टॅक्सीत आठवली. शेलीही याच टस्कनीत गेला. 1822 मध्ये समुद्रात बुडाला, वय 29. त्याचाही देह व्हियारेज्जोजवळच्या किनाऱ्यावर चितेवर दिला गेला, आणि तेव्हाही अधिकाऱ्यांची परवानगी काढावी लागली होती. मी हे मुलाला सांगू लागले तर तो म्हणाला, "आई, आपण सहलीला आलोय ना? किती जणांना जाळणार आहेस?"

मग छत्री दिसली.

वडिलांच्या बोलण्यातून मी तिची जी मूर्ती केली होती तीपेक्षा ती लहान निघाली. लोखंडी कठड्याच्या आत चौथरा, त्यावर नक्षीचे खांब, वर घुमट आणि शिखरे. भोवती इटलीतली झाडे आणि मागे तो नवा पूल, त्यावरून मोटारींचा एकसारखा आवाज. आत अर्धपुतळा. डोक्याला पगडी, गळ्यात कंठे, कोवळ्या मिशा. चौथऱ्यावर चार भाषांत लेख आहेत. इंग्रजी आहे, इटालियन आहे. आणि एका बाजूला आपली देवनागरी अक्षरे दिसली तेव्हा मी कठड्याला धरून उभी राहिले. बारा दिवस पाट्यांवर, दुकानांवर, आगगाड्यांवर नुसती रोमन लिपी पाहून डोळे इतके सरावले होते की ती अक्षरे आधी नक्षीच वाटली.

शेजारी कुणी नव्हते. एक बाई कुत्र्याला फिरवत होती. खाली मुन्योने आर्नोला मिळते ती जागा पाहायला आम्ही गेलो. संगम म्हणावा असे फारसे काही नाही, गढूळ पाण्याला गढूळ पाणी मिळते. नृसिंहवाडीला कृष्णेत पंचगंगा मिळते तो विस्तार ज्याने पाहिला आहे त्याला हा ओढाच वाटेल. पण डिसेंबरच्या तोंडावर, परक्या गावात, मध्यरात्री कुणी तरी कोल्हापूरकर "संगम कुठे आहे?" असे विचारत हिंडला असेल, आणि कुणी तरी त्याला हे दाखवले असेल. त्या माणसांची नावे लेखात नसतात.

हे म्हणाले, "घरी कधी कळलं असेल?"

तारेची सोय झाली होती, मी म्हटले. मुंबईपर्यंत समुद्राखालून तार आली ती त्याच वर्षी, जूनमध्ये. तेव्हा महिने लागले नसावेत.

"दोन आया," मी म्हटले. "एक जन्म दिलेली, एक दत्तक घेतलेली. मुलगा परदेशात आजारी आहे एवढं तरी त्यांना आधी कळलं होतं की नाही कोण जाणे. की एकदम शेवटचीच तार!"

कुणी काही बोलले नाही. मी फोटो काढायला फोन बाहेर काढला. माझ्या फोनच्या पडद्यावर जानेवारीपासून एकच चित्र आहे. म्युनिकच्या एका खिडकीतून दिसणारा बर्फ, दोन काळी झाडे आणि लाल छपराची एक इमारत. त्यानेच पाठवलेला फोटो. तेव्हा आठवडाभर तो रोज त्याच खिडकीतला फोटो पाठवत होता. सकाळचा, संध्याकाळचा, दिवे लागल्यावरचा. 'किती सुंदर खिडकी मिळाली आहे तुला!' असे मी कळवले होते. व्हॉट्सअॅपवर सगळ्या नातेवाइकांना पाठवले होते. डोंबिवलीच्या मावशींनी त्यावर फुले टाकली होती.

चिरंजीव माझ्या खांद्यावरून पाहत होते. म्हणाले, "आई, हा फोटो बदल आता."

"का रे? छान आहे की."

तो थोडा वेळ कठड्याचा गज नखाने खरवडत राहिला. मग म्हणाला, "ती माझी खोली नाही. हॉस्पिटलची खिडकी आहे. न्युमोनिया झाला होता. आठ दिवस होतो तिथं. आता काही नाही."

माझ्या हातून फोन पडला नाही, की डोळ्यांपुढे अंधारीही आली नाही. मी फक्त विचारले, "जेवायला काय देत होते?" असे का विचारले मला अजून सांगता येत नाही. तो म्हणाला, "सूप. आणि एक पांढरा पाव." मग मी यांच्याकडे पाहिले. हे पुतळ्याची पगडी फार बारकाईने पाहत होते. इतक्या बारकाईने, की यांना ठाऊक होते हे मला त्याच क्षणी कळले.

"तुम्हाला कधी कळलं?"

"मार्चमध्ये," हे पगडीकडे पाहतच म्हणाले. "बरा झाल्यावर. तुझ्या परीक्षेच्या कामाचे दिवस होते."

वाचकहो, एकवीस वर्षांच्या संसारात मी यांच्याशी अनेकदा भांडले आहे. पण राजाच्या समाधीपुढे भांडता येत नाही, हे त्या दिवशी समजले. त्या राजाजवळ मरताना माणसे होती. माझ्या मुलाजवळ होता तो फोन. तोही अशा आईला बर्फाचे फोटो पाठवण्यासाठी, जी ते चारचौघांना दाखवत होती. पृथ्वीच्या पाठीवर कुठूनही निरोप क्षणात पोचतो. पण धाडायचा कोणता आणि दाबायचा कोणता, हे अजून माणसाच्याच हातात आहे. त्याने आठ दिवस मला काळजीपासून वाचवले. त्याबद्दल त्याचे उपकार मानावेत की त्याच्या कानाखाली द्यावी, हे मला तेव्हा ठरवता आले नाही, आणि आजही येत नाही.

पिशवीत त्याच्यासाठी आणलेला बेसनाच्या लाडवांचा डबा होता. बारा दिवस बसच्या उन्हात लाडू बसून त्यांचा एकच गोळा झाला होता. मी तो फोडून एक तुकडा त्याच्या हातावर ठेवला, एक यांच्या हातावर. यांच्या हातावरचा मुद्दाम लहान होता. आणि एक चिमूट कठड्याच्या आत, चौथऱ्याच्या पायरीवर ठेवली. फुले न्यायची आठवणच राहिली नव्हती. वडील असते तर रागावले असते.

"यापुढे," मी मुलाला म्हटले, "सर्दी झाली तरी कळवायचं."

"सर्दी?"

"सर्दी. शिंक सुद्धा."

परत जायला टॅक्सी मिळेना. आम्ही तिघे त्या लांबलचक उपवनातून ट्रामच्या थांब्यापर्यंत चालत आलो, हे पुढे, आम्ही दोघे मागे. त्या चालण्यात त्याने हळूहळू सगळे सांगितले. पहिल्या रात्री ताप कसा चढला, शेजारच्या खोलीतल्या तुर्की मुलाने गाडी कशी बोलावली, जर्मन डॉक्टरीणबाई रोज सकाळी 'आज खिडकीत काय दिसतं?' असे कशा विचारत आणि त्यावरून त्याला फोटोची कल्पना कशी सुचली. हे मी कुठल्या प्रवासवर्णनात वाचले असते तर समासात 'उत्तम' असे लिहिले असते. चालताना मी फक्त त्याचा दंड धरला होता. त्याला ते आवडत नाही. पण त्याने सोडवून घेतला नाही.

बसपाशी पोचलो तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटे होती. बस सुटली नव्हती. परळचा मुलगा घड्याळाकडे पाहत दारात उभा होता आणि त्याच्यापुढे गिरगावच्या काकू एक चामड्याची पर्स उघडून तिच्या चेनची तक्रार करीत होत्या. वीस मिनिटे त्या ती चेन उघडत-मिटत होत्या असे मागून कळले. मी आत चढले तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "झाली का भेट पोराची? चेनला काही झालेलं नाही हो."

त्याची गाडी रात्रीची होती, बोलोन्याला बदलून. बस वळली तेव्हा तो फुटपाथवर उभा राहून लाडवाचा डबा हलवत होता.

रोमविषयी मला फारसे आठवत नाही. कलोसियम पाहिले, कारंज्यात नाणे टाकले. विमानतळावर सगळ्यांच्या बॅगांची वजने जास्त भरली, आणि पंधरा दिवस एकमेकांना 'अहो-जाहो' करणारी माणसे एकमेकांच्या बॅगांत चीज आणि चॉकलेटे कोंबू लागली. मुंबईला उतरलो तेव्हा पहाट होती आणि दादरपर्यंतच्या रस्त्यावर फुलवाल्यांचे टेंपो निघाले होते.

कट्ट्यावर पहिल्या संध्याकाळी सगळ्यांनी विचारले, "काय मग, कशी झाली ट्रिप?" मी लंडन सांगितले, पॅरिस सांगितले. मैदानात 1966 पासून घोड्यावर बसलेल्या महाराजांच्या हातात तलवार नाही, नुसता हात पुढे आहे, हे मी रोज पाहते. त्या दिवशी तो हात कुठल्या दिशेला आहे ते प्रथमच नीट पाहिले. कोल्हापूरच्या राजाचे सांगायला लागले, तर एक गृहस्थ म्हणाले, "शाहूमहाराजांचं म्हणता?" शाहूमहाराजही विलायतेला गेले होते, ही गोष्ट खरी. मागासवर्गीयांना निम्म्या जागा राखून ठेवणारा 26 जुलै 1902 चा हुकूम निघाला तेव्हा ते तिकडेच होते. पण ते परत आले. मी म्हटले, "नाही हो, त्यांच्या आधीचे. परत न आलेले." तोवर दुसरी फेरी संपली होती.

आता रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला मी कट्ट्यावर असते, तिकडे साडेतीन झालेले असतात, आणि त्याचा फोन येतो. बहुतेक वेळा दोन मिनिटांचा. गेल्या महिन्यात एके दिवशी तो जरा लवकर आला.

"आई, साडेसदतीस आहे."

मी उभ्या जागी हिशेब केला. म्हणजे आपले 99.5.

"घसा?"

"थोडा धरलाय. बाकी काही नाही. सांगायचं ठरलं होतं म्हणून सांगतोय. फोटो पाठवू?"

"खिडकीचा नको," मी म्हटले. "थर्मामीटरचा पाठव."